मशीन दिलं, पण सेल? कोल्हापुरात लहान मुलांच्या कानांसाठी देणगी देताना

राजारामपुरीत आमची बारा जणींची भिशी आहे. सात वर्षांपूर्वी एका दिवाळीत आपसात भेटवस्तू वाटण्याऐवजी एका कर्णबधिर मुलाला कानाची मशीन द्यायची असं ठरलं. गगनबावड्याकडच्या एका वाडीतला चार वर्षांचा मुलगा होता. दोन्ही कानांची मशीन घेतली, छोटा कार्यक्रम केला, नारळ दिला, फोटो काढले आणि समाधानानं घरी आलो.

पुढच्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर त्याच बाजूला एका लग्नाला जाणं झालं, म्हणून त्यांच्या घरी डोकावले. मुलगा उघड्या कानांनी अंगणात खेळत होता. आजीनं आतून पत्र्याची पेटी ओढली, लुगड्यांच्या घडीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. "लई जपून ठेवलंय ताई. सेल संपला, गावात कुठं मिळंना. पोरगं पाडंल म्हणून ठिवून दिलं." मशीनचा सेलचा कप्पा उघडून बघितला, तर आत हिरवट-पांढरा गंज चढलेला.

आजीनं तिच्या परीनं मशीन जिवापाड सांभाळलं होतं. सेल कुठे मिळतो, किती दिवस टिकतो, पावसाळ्यात मशीन कसं ठेवायचं हे तिला सांगायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही केलं नव्हतं. त्या दिवसानंतर आमची द्यायची पद्धत बदलली. तुम्ही एकटे देणार असाल, भिशीतून, तालीम मंडळातून किंवा गल्लीतल्या मित्रांकडून गोळा करून देणार असाल, तर आम्हाला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

१. मूल कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा

फोन येतो तो बहुतेक वेळा एवढाच: "पोराला ऐकू येत नाही, काहीतरी मदत करा." पण शंका येण्यापासून मूल बोलायला लागेपर्यंत वाट लांब आहे आणि प्रत्येक टप्प्याला वेगळ्या मदतीची गरज असते.

पहिली चाळणी ओएई तपासणीची. बाळाच्या कानात मऊ बूच बसवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून उमटणारा प्रतिसाद यंत्र टिपतं. काही मिनिटांचं काम, बाळाला काही दुखत नाही. यात शंका आली की पुढची तपासणी बेरा. डोक्याला तारा चिकटवून आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. त्यासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं आणि खेड्यातल्या आईची खरी परीक्षा इथे असते.

राधानगरीकडून सकाळच्या एसटीनं आलेली एक आई मला आठवते. तपासणीच्या वेळी बाळ झोपावं म्हणून त्याला आधी जागं ठेवायला सांगितलं होतं. दीड तास ती त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत, तोंडावरून ओला हात फिरवत आली. शहरात शिरता शिरता बाळाचा डोळा लागलाच. दवाखान्यात पोचेपर्यंत ते झोप काढून टवटवीत. औषध देऊनही झोपलं नाही, तपासणी झाली नाही, पुढची तारीख मिळाली आणि तिचा दिवसाचा रोजगार बुडाला. आता बाहेरगावच्या आईची आम्ही आदल्या रात्रीच शहरात मुक्कामाची सोय करतो. दोन-चारशे रुपयांची ही मदत कधी कधी मशीनइतकीच मोलाची ठरते.

डॉक्टर एक-तीन-सहाचा नियम सांगतात: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी, म्हणजे ऐकायला-बोलायला शिकवणं, सुरू. बोलणं शिकायची मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त असते, त्या काळात आवाज पोचला नाही तर पुढे दुप्पट कष्ट पडतात. आपल्याकडे "याचा बापपण उशिराच बोलला" म्हणत दोन वर्षं सहज जातात. घरचे ताट वाजवून बघतात, मूल वळतं, सगळे निर्धास्त होतात. मूल ताटाच्या हादऱ्यानं किंवा हाताच्या हालचालीनंही वळतं. बेराशिवाय कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका.

म्हणून फोनवर एवढं विचाराच: मुलाचं वय किती? बेरा झाली का? कोणत्या कानाला किती डेसिबलची कमतरता आहे? मशीन घातलं आहे का, घातलं असेल तर दिवसातून किती तास? थेरपी कुठे चालू आहे? पाचपैकी तीन उत्तरं "माहीत नाही" आली, तर तुमची पहिली देणगी तपासणीसाठी द्या.

२. सरकारी दारं आधी ठोठावा

आपले पैसे सरकार जिथे पोचत नाही तिथे गेले पाहिजेत. आम्ही सुरुवातीला जे स्वतःच्या खिशातून दिलं, त्यातलं बरंच योजनेतून मिळालं असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत आणि शाळेत जे तपासणी पथक येतं ते याच कार्यक्रमाचं. जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना गाठलं की मुलाचं नाव पथकाकडे जातं. शहरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करा.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कानाची मशीन मिळतात आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळतो. इम्प्लांटचं काम मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि ती मधूनमधून बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीची मर्यादा विचारून घ्या.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीतही कॉक्लिअर इम्प्लांट आहे, वयाची अट २ ते ६ वर्षं. अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी करायचा असतो आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. उधारउसनवारी करून ऑपरेशन उरकायचं आणि मग अर्ज करायचा, असं करून पस्तावलेली घरं मी बघितली आहेत.

चौथं दार फार थोड्यांना माहीत असतं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा आणि शांतपणे, कागद हातात घेऊन विचारा.

यातली मोठी खाच म्हणजे वेळ. एका मुलीला वयाची पाच वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने उरलेले असताना तिचे वडील आमच्याकडे आले. एका कचेरीत उत्पन्नाचा दाखला अडकला होता, कुणी सांगायचं साहेब रजेवर, कुणी सांगायचं सर्व्हर बंद. त्या वेळी पैशांपेक्षा बरोबर जाऊन बसणारं माणूस हवं होतं. आमच्यातली एक निवृत्त तलाठीबाई तीन दिवस त्यांच्यासोबत गेली, तेव्हा दाखला हातात आला. म्हणून चार वर्षांच्या पुढचं मूल असेल तर सगळी दारं एकदमच ठोठवा, एकाचं उत्तर येईपर्यंत थांबू नका.

३. कागदांची पिशवी

प्रत्येक मुलाच्या घरी आम्ही एक चेनची प्लास्टिक पिशवी देतो. तिच्यात हे असतं:

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड
- आईवडिलांचं आधार, रेशन कार्ड
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- बेरा आणि ऑडिओग्रामचे (कोणत्या आवाजाला किती ऐकू येतं त्याचा आलेख) मूळ रिपोर्ट, सही-शिक्क्यासह
- दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि मुलाचे सहा फोटो
- रुग्णालयाचं किंवा ऑडिओलॉजिस्टचं (ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाचं) लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक
- इम्प्लांट असेल तर सीटी स्कॅन, एमआरआयचे रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड

जन्मदाखला नीट बघा. पुष्कळ दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांचं असतं. ते नाव चढवायला आठवडे जातात. आधारवर आडनावाचं एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं, हीसुद्धा नेहमीची अडचण. पहिल्याच भेटीत हे दोन कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

यूडीआयडीसाठी ऑनलाइन अर्ज करून सीपीआरला तपासणीला जावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त कमतरता म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणारं मूल. हे कार्ड आलं की एसटीची सवलत, शिष्यवृत्ती आणि पुढच्या बऱ्याच गोष्टींची वाट मोकळी होते.

४. संस्थेला द्यायचं असेल तर आधी तिच्याकडे जाऊन बसा

थेट कुटुंबाला मदत करायला सगळ्यांना वेळ नसतो. संस्थेमार्फत देणंही चांगलंच, पण तपासून.

ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा इथल्या कार्यालयात पडताळा. ट्रस्टचा पॅन आणि आयकर सवलतीचा नोंदणी क्रमांक घ्या, नोंदणीची मुदत संपलेली नाही ना ते आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतं. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवायला सांगा. चांगली संस्था यानं दुखावत नाही.

मग माझे नेहमीचे तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी मशीन दिलेल्या मुलांपैकी आज किती जण ती रोज घालतात? बिघडलं तर दुरुस्ती कोण करतं? तुमच्याकडे ऑडिओलॉजिस्ट कायमचा आहे की फक्त शिबिराच्या दिवशी येतो? पहिल्या प्रश्नाला जी संस्था वही उघडून उत्तर देते, तिला मी डोळे झाकून देते. जिच्याकडे फक्त "किती मशीन वाटली" हा आकडा असतो, तिथे मी थांबते. आमच्या भिशीनं एकदा एका संस्थेला मोठी रक्कम दिली होती. पावती मिळाली, आभाराचं पत्र मिळालं, पण कोणत्या मुलाला काय मिळालं हे आठ महिने विचारूनही कळलं नाही. चौकशी देण्याआधी करायची असते हे तेव्हा शिकलो.

५. पैसे कसे द्यायचे

रोख हातात देऊ नका. हा अविश्वास नाही. घरात आजारपण असतं, उसाचं बिल लांबलेलं असतं, सावकार दारात असतो, आणि आलेले पैसे तिकडे वळतात. रुग्णालयाला, ऑडिओलॉजिस्टला किंवा मशीन विकणाऱ्याला थेट चेक द्या अथवा बँकेतून पाठवा आणि बिल मुलाच्या नावानं घ्या.

आयकराचं थोडक्यात. सवलत फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, कुटुंबाला थेट दिलेल्यावर नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत तर त्यावर सवलत नाही. बहुतेक ट्रस्टना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नानुसार मर्यादा आहे. नुसती पावती पुरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर मे अखेरपर्यंत संस्थेकडून पोर्टलवरचं देणगी प्रमाणपत्र यायला हवं, ज्याला आतापर्यंत फॉर्म १० बीई म्हणत आलो. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण देणगीच्या सवलतीला सगळे अजून जुन्या कलमाच्या नावानं ८० जीच म्हणतात, तुम्हीही तसंच विचारलंत तरी चालेल.

मंडळांसाठी एक सूचना. मंडळाची ट्रस्ट म्हणून नोंदणी नसेल आणि तुम्ही मुलासाठी वर्गणी फिरवणार असाल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ सी खालची परवानगी घ्या. गणपतीच्या वर्गणीला घेतात तीच. आणि परदेशातल्या नातेवाइकांचं: भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा अमेरिकेतून पाठवतो ते परदेशी देणगीत मोडत नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी असावी लागते.

मोबाइलवरून पैसे उभे करायच्या सोयींवर "टिप" म्हणून काही टक्के आधीच भरलेले असतात. ते शून्य करता येतं. देण्याआधी तेवढा रकाना बघा.

६. मशीन घेताना

ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा. क्रमांक विचारायला संकोचू नका. लहान मुलांना कानामागे बसणारं मशीन लागतं. खिशातलं तारेचं मशीन स्वस्त पडतं, पण कपड्याला घासून खरखर होते आणि खेळणाऱ्या मुलाला त्याचा त्रास होतो. दोन्ही कानांना कमतरता असेल तर दोन्ही मशीन द्या. पैसे कमी असतील तर दोन मुलांना एकेक देण्याऐवजी एका मुलाला जोडी द्यावी, असं माझं मत आहे. यावर आमच्या भिशीत अजून वाद होतो.

शिबिरात एकाच छापाची मशीन ओळीनं वाटतात तिथे सावध राहा. मशीन त्या मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे संगणकावर बसवून घ्यावं लागतं. न बसवलेलं मशीन एकतर कुजबुजतं नाहीतर कानठळ्या बसवतं. दोन्ही वेळा मूल ते ओढून फेकतं आणि घरचे म्हणतात, "त्याला आवडत नाही."

बिलावर मशीनचा क्रमांक, हमीची मुदत आणि मोफत किती वेळा पुन्हा बसवून मिळेल हे लिहून घ्या. सेलचा कप्पा लहान मुलाला उघडता येणार नाही असा कुलपाचा मागा. गोल सेल मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेततं. असं झालं तर घरी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक घरात सांगून या.

७. पुढच्या तीन वर्षांचे पैसे वेगळे काढा

सगळं वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. मशीन द्यायला पुष्कळ जण पुढे येतात, सेल द्यायला कुणी येत नाही.

कानाच्या मशीनचा सेल झिंक-एअर जातीचा असतो. त्याच्या पाठीवर रंगीत पट्टी चिकटवलेली असते. पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एक मिनिट तसाच ठेवायचा, मग मशीनमध्ये घालायचा. पट्टी एकदा काढली की परत चिकटवून सेल वाचत नाही. एका घरात मुलाच्या मोठ्या भावानं गंमत म्हणून अख्ख्या पाकिटाच्या पट्ट्या सोलल्या होत्या, महिन्याभराचे सेल तिथेच संपले. पट्टीचा रंग म्हणजे आकार: तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळी ६७५. जास्त कमतरतेच्या मुलांना बहुधा नारिंगी किंवा निळी. घड्याळाच्या दुकानातला सेल दिसायला सारखा असला तरी चालत नाही. दिवसभर मशीन घातलं तर सेल आठवडा ते दोन आठवडे टिकतो, म्हणजे दोन कानांना महिन्याला चार ते आठ. आम्ही दर तीन महिन्यांचे सेल एकदम पोचवतो. वर्षाचे एकदम देत नाही, कारण एक तर ते जुने होतात आणि दुसरं म्हणजे पोचवायच्या निमित्तानं घरी जाणं होतं.

चार्जिंगची मशीनही आता मिळतात. सेल आणायला पन्नास किलोमीटर यावं लागतं अशा घरी ती सोयीची, पण पावसाळ्यात वीज जाते तिथे नाहीत. घर बघून ठरवा.

मोल्ड म्हणजे कानात बसणारा मापाचा तुकडा. कानात रंगीत लगदा भरतात, काही मिनिटांत तो घट्ट होतो, त्यावरून मोल्ड बनतो. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि मोल्ड सैल पडतो. सैल झाला की मशीन शिट्टी मारू लागतं, आणि शिट्टीला कंटाळून घरचे आवाज कमी करतात किंवा मशीन काढून ठेवतात. अगदी लहान बाळाला तीन-चार महिन्यांनी नवा मोल्ड लागतो, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षानं. खर्च काही शे रुपयांचा, पण तो वेळेवर कुणी करत नाही म्हणून हजारोंचं मशीन पडून राहतं.

आणि ओल. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही पाणी सुटतं. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेलचा दरवाजा उघडा ठेवून. झाकण घट्ट लागणारा छोटा स्टीलचा डबाही चालतो. सिलिका जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते ओलावले, तव्यावर मंद आचेवर फिरवून पुन्हा निळे करता येतात. फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. आता आमच्या प्रत्येक मशीनबरोबर ही डबी जातेच.

थेरपीचा खर्च सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न दिसणारा. मशीन घातल्यावर मूल आपोआप बोलत नाही. त्याला आवाज ओळखायला, मग शब्द, मग वाक्यं शिकवावी लागतात. आठवड्याला एक-दोन फेऱ्या, वर्षानुवर्षं. २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचा भार बराच हलका झाला. बुडतो तो दिवसाचा रोजगार. एका आईला शेतमजुरीच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे देऊ लागल्यापासून तिच्या मुलाची एकही फेरी चुकली नाही. याला काही जण "हे कसलं दान" म्हणतात. माझ्या मते याहून नेमकं दान नाही.

घरच्यांना रोजची एक तपासणी शिकवा. सकाळी मशीन घातलं की मुलाच्या मागे उभं राहून, तोंड दिसू न देता, सहा आवाज काढायचे: आ, ऊ, ई, म्, श्, स्. प्रत्येक आवाजाला मूल हात वर करतं का, डब्यात खडा टाकतं का ते बघायचं. काल ऐकू आलेला "स्" आज येत नसेल, तर सेल किंवा मशीन बघायची वेळ आली. दोन मिनिटांचं काम, पैसा लागत नाही.

इम्प्लांट झालेल्या मुलांचा हिशेब आणखी वेगळा. आतला भाग शस्त्रक्रियेनं बसतो, बाहेरचा प्रोसेसर कानामागे राहतो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी तो सुरू करतात, मग पुन्हा पुन्हा मॅपिंग करून आवाज जुळवतात. ऑपरेशनआधी न्यूमोकोकल लस लागते, तिचा खर्च विचारून घ्या. ऑपरेशनला लाखो रुपये मिळतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. तीन-चार वर्षांनी हमी संपते, केबल तुटते, कॉइल बिघडते आणि दहा-वीस हजारांसाठी मूल महिनोन्महिने शांततेत बसतं. जुन्या इम्प्लांटच्या मुलाला केबल घेऊन देणं हे नव्या ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं आहे. प्रोसेसरचा विमा उतरवता येतो का तेही विक्रेत्याला विचारा.

८. फोटो

मुलाच्या कानात मशीन घालतानाचा फोटो काढू नका. त्या क्षणी ते मूल पहिल्यांदा आवाजाला सामोरं जात असतं, बहुतेक मुलं घाबरून रडतात. त्याला आईची मांडी हवी असते, कॅमेरा नको. आईवडिलांची लेखी परवानगी असली तरी गावाचं नाव आणि चेहरा एकत्र छापू नका. आमचा पहिल्या दिवाळीचा तो फोटो मी नंतर भिशीच्या ग्रुपवरून काढायला लावला.

९. मोठी रक्कम असेल तर

कारखाना, दूध संस्था, मोठं मंडळ यांच्याकडे लाखांत रक्कम असते आणि ओएईचं यंत्र एखाद्या प्रसूतिगृहाला द्यावं असं सुचतं. कल्पना फार चांगली. पण यंत्र चालवणारं माणूस कोण, कानात बसवायची बुचं संपल्यावर कोण आणणार, वर्षाची देखभाल कोण करणार, आणि तपासणीत अडकलेल्या बाळाची बेरा कुठे होणार, हे चारही लेखी झाल्याशिवाय देऊ नका. नाहीतर यंत्र खोक्यातच राहतं. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, द्यायचं असेल तर घेणाऱ्या ट्रस्टकडे सीएसआर-१ नोंदणी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांमधल्या बहिरेपणापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्यासारखा असतो. गोवर-रुबेलाची लस, वाहणाऱ्या कानावर वेळेत उपचार, नवजात कावीळ अंगावर न काढणं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची पद्धत आहे, आणि एका घरात एक मूल कर्णबधिर असेल तर पुढच्या बाळंतपणाआधी अनुवंशाबद्दलचा सल्ला घ्यायला हवा. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिवस असतो. एखाद्या गावात त्या दिवशी भाषणांऐवजी शाळेतल्या सगळ्या मुलांचे कान तपासून घ्या. वाहत्या कानाचं एक मूल तरी हमखास सापडतं.

१०. उशिरा आलेल्या मुलांना परत पाठवू नका

नऊ-दहा वर्षांचं, कधीच मशीन न घातलेलं मूल घेऊन आईवडील येतात आणि इम्प्लांटसाठी हात जोडतात. बहुतेक वेळा डॉक्टर सांगतात की या वयात त्यानं बोलणं येणार नाही. तेव्हा "आता काही उपयोग नाही" असं म्हणून फोन ठेवू नका. त्या मुलाला भाषा हवी आहे, आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. कर्णबधिरांच्या शाळेत प्रवेश, वसतिगृहाचं सामान, वह्या-पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे घरच्यांना खुणा शिकवणाऱ्या वर्गाची फी, यासाठी द्या.

गेल्या वर्षी कागल तालुक्यातल्या एका मुलीच्या घरी आम्ही महिन्यातून दोन रविवार असा शिक्षक पाठवला. सहा महिन्यांनी गेले तेव्हा तिचे वडील चुलीपाशी बसून तिला हातांनी विचारत होते की भाकरीबरोबर दूध घेणार की आमटी. ती अकरा वर्षांची आहे. त्यांनी तिला हे पहिल्यांदाच विचारलं होतं, असं तिच्या आईनं मला सांगितलं.